लॉकडाऊनमध्ये रस्ते रिकामे होते, मग रस्त्यावर माणसं का मेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की २०२० मध्ये इतके दिवस सगळं बंद होतं, आपल्या इंदूरमध्ये तर कडक कर्फ्यू, किराणासुद्धा घरपोच, मग रस्ते अपघातातले मृत्यू निम्म्यावर का नाही आले, आणि पुन्हा अशी साथ आलीच तर शहराने रस्त्यांच्या बाबतीत काय तयारी ठेवायची. तुम्ही सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि यावरच प्रोजेक्ट करायचाय असंही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझं काम रोड सेफ्टी ऑडिटचं, म्हणजे जिथे अपघात होतात तिथे जाऊन रस्ता बघायचा, पोलिसांचे कागद वाचायचे आणि तिथे काय बदलायला हवं ते लिहून द्यायचं, बरीच वर्षं हेच करतोय.

आधी आकडे बघा, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रिपोर्टप्रमाणे २०१९ मध्ये देशात ४,४९,००२ अपघात झाले आणि १,५१,११३ माणसं गेली. २०२० मध्ये अपघात ३,६६,१३८ आणि मृत्यू १,३१,७१४. म्हणजे अपघात साडेअठरा टक्क्यांनी घटले, जखमी जवळपास तेवीस टक्क्यांनी घटले, पण मृत्यू मात्र तेरा टक्क्यांच्याही आतच घटले. आता आपल्या मध्य प्रदेशचं बघा, ते जास्त बोलकं आहे. २०१९ मध्ये ५०,६६९ अपघात आणि ११,२४९ मृत्यू, २०२० मध्ये ४५,२६६ अपघात आणि ११,१४१ मृत्यू. अपघात पाच हजारांहून जास्त कमी झाले आणि मृत्यू किती कमी झाले, तर १०८. एक टक्कासुद्धा नाही! दर शंभर अपघातांमागे आधी २२ माणसं जायची, त्या वर्षी साडेचोवीस गेली आणि पुढची दोन वर्षंही तो आकडा तिथेच राहिला, खाली आलाच नाही.

इथे एक सावधगिरी बाळगा. २०२० मध्ये छोटे अपघात कागदावर कमी आले असणार, पोलीस नाकाबंदीत अडकलेले, लोक हॉस्पिटलच्या नावाने घाबरलेले, गुडघा सोलवटला तर कोण ठाण्यात जाऊन लिहवून घेणार. त्यामुळे “दर शंभर अपघातांमागे मृत्यू” हा आकडा थोडा फुगलेला आहे हे मान्य करूनच पुढे जा. पण मृत्यू लपत नाही, पोस्टमॉर्टेम होतं, कागद होतो, आणि राज्यातले मृत्यू जवळजवळ तेवढेच राहिले ही गोष्ट रिपोर्टिंगच्या नावावर ढकलून देता येत नाही.

तर मग का? माझं सरळ उत्तर असं की आपल्या शहरांत गर्दी हाच स्पीडब्रेकर होता आणि साथीने तो एका रात्रीत काढून टाकला. इंदूरचा बाजारातला जवाहर मार्ग डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी तिथे एका बाजूला हातगाड्या, दुसऱ्या बाजूला दुकानासमोर तिरक्या लावलेल्या गाड्या, मध्ये ई-रिक्षा, मधूनच एखादी गाय, आणि उरलेल्या पट्टीतून आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असतो. तिथे धक्के लागतात, आरसे तुटतात, भांडणं होतात पण माणूस सहसा मरत नाही. आता तोच रस्ता एप्रिल २०२० मधला आठवा, शटर बंद, हातगाडी नाही, पार्किंग नाही, दोन्ही कडांपर्यंत मोकळा डांबरी पट्टा. रस्ता तोच, रुंदी कागदावर तीच, पण चालवणाऱ्याच्या डोळ्याला तो दुप्पट रुंद दिसतो आणि पाय आपोआप दाबला जातो. त्याला कुणी सांगायला लागत नाही की जोरात चालव, रस्ताच सांगतो. अन्नपूर्णा रोडला तेच, रिंग रोडला तेच, आणि सुपर कॉरिडॉर तर आधीपासूनच इतका रुंद की तिथे पोरं एरवीही गाड्या पळवतात.

वेगाचा हिशोब एकदा स्वतः करून बघा म्हणजे अंगावर येईल. समोर काही दिसल्यावर ब्रेक दाबायला दीड सेकंद धरला, रस्ता कोरडा, ब्रेक चांगले, तर ताशी ४० ला गाडी साधारण २५ मीटरमध्ये थांबते, ६० ला ४५ मीटर लागतात आणि ८० ला ७० च्या आसपास. म्हणजे ४० वाला जिथे थांबून शिवी देतो तिथून ६० वाला अजून चांगल्या वेगात पुढे जातो आणि समोरच्याला उडवतो. आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ४० चे ८० झाले की चौपट. जागतिक आरोग्य संघटना जे सांगते ते रोजच्या कामात आम्हाला फार उपयोगी पडतं, सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण चार टक्के वाढतो, आणि पायी चालणाऱ्याला ५० ऐवजी ६५ ने कार लागली तर त्याच्या मरण्याचा धोका साडेचार पट होतो. आता गाड्या निम्म्या झाल्या पण उरलेल्यांचा वेग दहा-पंधरा टक्के वाढला तर हिशोब कुठे जातो ते तुम्हीच कागदावर मांडा.

दुसरं कारण, रस्त्यावर राहिलं कोण. अमेरिकेचं उदाहरण देतो कारण तिथे गाड्या किती किलोमीटर चालल्या हेही मोजतात. २००८ च्या मंदीत तिथे मृत्यू भराभर उतरले, २००७ मध्ये ४१,२५९ होते ते २००९ मध्ये ३३,८८३. कारण मंदीत पैसा नाही म्हणून रात्रीचं बाहेर जाणं, लांबची ट्रिप, तरुण पोरांचं भटकणं हे आधी कमी होतं, म्हणजे धोक्याचं ड्रायव्हिंगच आधी घटतं. साथीत उलटं झालं. आजी-आजोबा, शाळेत सोडणारे आई-बाबा, ऑफिसला जाणारे, म्हणजे जपून चालवणारे सगळे घरात बसले आणि बाहेर राहिले ते ज्यांना भीती नव्हती किंवा ज्यांना पर्याय नव्हता. २०२० मध्ये अमेरिकेत गाड्या सुमारे ११ टक्के कमी चालल्या तरी मृत्यू आदल्या वर्षापेक्षा वाढले, त्यात अतिवेगाशी जोडलेले मृत्यू १७ टक्क्यांनी वाढले, दारूशी जोडलेले आणि सीटबेल्ट न लावलेल्यांचे प्रत्येकी १४ टक्क्यांनी. मंदी आणि साथ दोन्हीत ट्रॅफिक कमी होतं पण रस्त्यावर उरणारी माणसं वेगळी असतात, हा फरक प्रोजेक्टमध्ये जरूर घ्या, फार कमी लोक त्याच्याकडे बघतात.

आपल्याकडे “पर्याय नव्हता” हा भाग फार मोठा आहे आणि त्याबद्दल मला आजही शांतपणे लिहिता येत नाही. मे २०२० मध्ये एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावर, काय होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना विसरणं शक्य नाही. मुंबई-ठाणे-नाशिककडून बिजासन, सेंधवा करत माणसं येत होती, सायकलवर, मुंबईच्या रिक्षांमधून, ट्रकच्या टपावर आणि पायी. इंदूर बायपासवर आपल्या लोकांनी पोळी-भाजी, पाणी, चपला वाटल्या, खूप चांगलं केलं. पण ऑडिट करणाऱ्याच्या नजरेतून बघा. बायपास हा गाड्यांसाठी बांधलेला रस्ता, शंभरच्या आसपास वेग धरून, आणि त्याच्या कडेने रात्री अंधारात गडद कपड्यातली बाई मुलाला कडेवर घेऊन चालतेय, तिला फुटपाथ नाही, शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, ट्रक उभे म्हणून ती पट्ट्याच्या आत चालतेय, मागून येणाऱ्या ट्रकच्या डिप्परमध्ये ती दिसते तेव्हा तीस-चाळीस मीटर उरलेले असतात. वरचा हिशोब लावा, ताशी ६० ला ४५ मीटर लागतात, तोही ताज्या डोळ्यांच्या आणि चांगल्या ब्रेकच्या गाडीला. आणि तो ट्रकवालासुद्धा किती तास जागा होता, सुरुवातीला ढाबे बंद, पंक्चरवाला बंद, क्लीनर गावाला पळालेला. मे महिन्याच्या मध्यात दोन-तीन दिवसांच्या अंतराने आपल्याच राज्यात गुनाजवळ ट्रकमधले ८ मजूर गेले आणि उत्तर प्रदेशात औरैयाला २४ हून जास्त. त्यांना “अपघात” म्हणून एका ओळीत लिहिलं जातं. माझ्या मते ते वाहतूक बंद करण्याच्या निर्णयाचे मृत्यू होते, ट्रेन-बसची सोय आधी झाली असती तर ती माणसं त्या रस्त्यावर नसतीच.

पोलिसांची बाजूही बघायला हवी. पोलीस होते, रात्रंदिवस होते, पण ते पास बघत होते, वेग बघत नव्हते. ब्रेथ अ‍ॅनालायझरने संसर्ग पसरेल म्हणून बऱ्याच शहरांत ती तपासणी बंद ठेवली गेली, ते त्यावेळी बरोबरच होतं. गाड्यांचं फिटनेस, लायसन्स, परमिट यांची मुदत केंद्राने वारंवार वाढवली, शेवटी ऑक्टोबर २०२१ पर्यंत, म्हणजे एखादा डंपर तपासणीशिवाय दीड वर्ष चालू शकत होता. लोकांची अडचण बघता याला इलाज नव्हता पण त्याची किंमत रस्त्याने मोजली.

आणि जखमी झाल्यानंतर काय, तो भाग तर लोक विसरूनच जातात. मोटार वाहन कायद्यात ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आहे, इजा झाल्यापासूनचा पहिला तास. आता कल्पना करा, अ‍ॅम्ब्युलन्स पॉझिटिव्ह पेशंट घेऊन गेलेली, ती परत येऊन सॅनिटाइझ होणार मग निघणार, रस्त्यावरचा माणूस हात लावायला घाबरतोय, पोचल्यावर आधी टेस्ट मग ऑपरेशन, आयसीयूत बेड नाही, आणि २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर ऑक्सिजनच नाही. शिवाय रक्त. कॉलेज बंद, ऑफिस बंद म्हणजे रक्तदान शिबिरं बंद, आणि फीमर म्हणजे मांडीचं हाड तुटलेल्या माणसाला रक्त लागतं म्हणजे लागतंच. ट्रॉमा म्हणजे गंभीर इजांवर उपचार करणारे डॉक्टर मित्र तेव्हा सांगायचे की जो माणूस एरवी वाचला असता तो आमच्या हातून जातोय, आणि ही वाढ कोणत्याही कागदात वेगळी दिसत नाही, ती “अपघाती मृत्यू” मध्येच मिसळून जाते.

मग २०२१ आणि २०२२. इथे माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. २०२१ मध्ये दुसरी लाट होती, इंदूरमध्ये आठवडेच्या आठवडे जनता कर्फ्यू होता, तरी देशात मृत्यू १,५३,९७२ झाले, म्हणजे २०१९ च्याही वर. २०२२ मध्ये १,६८,४९१. मध्य प्रदेशात ११,१४१ वरून १२,०५७ आणि मग १३,४२७. ट्रॅफिक परत आलं पण लागलेली वेगाची सवय परत गेली नाही, आणि भरीत भर म्हणजे ज्यांनी सिटी बसमधून किंवा शेअर रिक्षातून जाणं भीतीने सोडलं ते टू-व्हीलरवर आले ते तिथेच राहिले, ऑर्डर घरी मागवायची सवय लागली म्हणून डिलिव्हरीची पोरं वाढली, सगळी टू-व्हीलरवर आणि सगळी घाईत. २०२२ च्या देशातल्या मृत्यूंत ४४.५ टक्के दुचाकीवाले आणि १९.५ टक्के पायी चालणारे आहेत, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश माणसं अशी की ज्यांच्याभोवती पत्र्याचा डबासुद्धा नाही. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. चांगलं हेल्मेट नीट पट्टा लावून घातलं तर मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो, हे जगभरच्या अभ्यासांतून निघालेलं आहे. मास्क लावला नाही तर आपण समोरच्याला टोकत होतो, हेल्मेटला का टोकत नाही हा प्रश्न मी प्रत्येक मीटिंगमध्ये विचारतो. २०२५ च्या ऑगस्टपासून इंदूरमध्ये हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा आदेश निघाला, हेतू चांगला होता, पण पंपापुरतं हेल्मेट शेजारच्याकडून मागून घेणारा माणूस पुढच्या चौराह्यावर परत उघड्या डोक्याने जातो, तिथे कॅमेरा आणि चलानच लागतं.

एक गोष्ट कागद वाचताना लक्षात ठेवा. रिपोर्टमध्ये २०२२ चे ७१ टक्के मृत्यू ‘ओव्हरस्पीडिंग’ खाली आहेत. एफआयआरमध्ये तो रकाना भरणं सोपं असतं, म्हणून भरला जातो. तिथे मिडियनला म्हणजे दुभाजकाला बेकायदा कट होता, सर्व्हिस रोड अचानक संपत होता, लाइट बंद होते, झेब्रा पुसलेला होता, हे लिहायला जागाही नसते आणि सवयही नसते. वेग हे कारण आहेच, मी वर तेच सांगतोय, पण माणूस त्या जागी त्या वेगाने का गेला हे विचारल्याशिवाय प्रिव्हेन्शन सुरूच होत नाही. आयरॅड म्हणजे अपघातांचा जो एकत्र डेटाबेस आला, त्यात मध्य प्रदेश सुरुवातीच्या सहा राज्यांत होता, मोबाइलवर जागेचं लोकेशन आणि फोटो घेतले जातात, त्यामुळे परिस्थिती सुधारतेय.

आता तयारीचं. माझ्या हातात असतं तर लॉकडाऊनच्या पहिल्याच रात्री, जेव्हा बॅरिकेड लावायला माणसं निघतातच, तेव्हा तीच बॅरिकेड आडवी लावून रस्ता बंद करण्याऐवजी रुंद रस्त्यांवर आळीपाळीने डावी-उजवीकडे लावायला सांगितली असती, म्हणजे गाडीला नागमोडी जावं लागतं, वेग आपोआप ३०-४० वर येतो, अ‍ॅम्ब्युलन्सही अडत नाही आणि पोलिसाला उन्हात उभं राहावं लागत नाही. पाण्याने भरायचे प्लॅस्टिक बॅरियर कॉर्पोरेशनकडे असतात, एका रात्रीत होणारं काम आहे. बाहेर लोकांनी हे केलं. बोगोटाने मार्च २०२० मध्येच ट्रॅफिक कोन (रस्त्यावर ठेवायचे शंकू) ठेवून सायकलसाठी लेन काढल्या, पॅरिसने तशाच काढल्या आणि पुढे बऱ्याचशा पक्क्या केल्या, ब्रसेल्सने मे २०२० मध्ये शहराच्या मध्यभागी वेगमर्यादा ताशी २० केली. आपल्याकडेही केंद्राने त्याच वर्षी सायकल्स फॉर चेंज नावाचा चॅलेंज काढला होता, नागपूर, सुरत, वडोदरा यांनी त्यात चांगलं काम केलं. म्हणजे आपल्या देशात होत नाही असं नाही.

सिग्नल पिवळ्या ब्लिंकरवर टाकायचे नाहीत, हे दुसरं. गाड्या कमी आहेत म्हणून सिग्नल बंद केला की पलासियासारख्या मोठ्या चौराह्यावर चारही बाजूंनी माणूस थेट घुसतो, त्यापेक्षा सिग्नलचा सायकल टाइम (लाल-हिरव्याची एक पूर्ण फेरी) छोटा करा पण लाल दिवा ठेवा. हायवेवर माणसं पायी निघालीच तर त्यांना हाकलायचं नाही, एक लेन कोन लावून त्यांना द्यायची, ट्रकवाल्याला आधीपासून दिसेल असा दिवा लावायचा, आणि पाणी-चपला वाटतो तिथेच पाठीवर लावायला चमकणारी रिफ्लेक्टिव्ह टेप वाटायची, ती शंभर मीटरच्या पलीकडून दिसते आणि चहाच्या पैशात येते. हे मी त्या मेमध्ये बायपासवर मदत करणाऱ्या काही मंडळींना सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी टेपचे रोल आणलेसुद्धा. हॉस्पिटलच्या बाबतीत एवढंच की शहरात एक तरी ट्रॉमाची जागा, तिच्या दोन-चार अ‍ॅम्ब्युलन्स आणि रक्तपेढीचा वेगळा साठा साथीपासून बाजूला राखायचा, तो निर्णय पहिल्या आठवड्यात व्हायला हवा, बेड भरल्यावर नाही. आणि जखमीला उचलणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, कायद्यात कलम १३४ए आहे, हे लोकांना शांततेच्या काळातच सांगत राहायला हवं.

कॅमेऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, इलेक्ट्रॉनिक चलानचे नियम ऑगस्ट २०२१ पासून आहेत, फक्त लावायचे कुठे तर जिथे माणसं मरतात तिथे, जिथे चलान जास्त फाटतं तिथे नाही.

प्रोजेक्टसाठी आता कामाची गोष्ट. मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे नॅशनल हायवेवरचा ब्लॅक स्पॉट म्हणजे सुमारे ५०० मीटरचा असा तुकडा जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे ५ अपघात झाले किंवा १० मृत्यू झाले. म्हणजे २०१८-२० पासून २०२१-२३ पर्यंतची कुठलीही सलग तीन वर्षं घेतलीत तर त्यात साथीचं वर्ष येतंच. कॉलेज, शाळा, बाजार यांच्यासमोरच्या जागा त्या यादीतून गळतात कारण तिथे माणूसच नव्हता, आणि ट्रकच्या रस्त्यावरच्या जागा वर येतात. गळलेल्या जागेचं काम मग निधीअभावी मागे पडतं, आणि ती जागा सुधारलेली नसते, फक्त मोजणीत रिकामी दिसलेली असते. तुम्ही राऊपासून देवास नाक्यापर्यंतचा एबी रोड आणि बायपास असे दोन पट्टे घ्या, २०१७-१९ ची यादी एकीकडे, २०२०-२२ ची दुसरीकडे, आणि कोणत्या जागा गायब झाल्या त्या नकाशावर मांडा. मग त्या प्रत्येक जागी एकदा सकाळी नऊला आणि एकदा रात्री अकराला स्वतः उभे राहून वेग मोजा, स्पीड गन नसेल तर रस्त्यावर ५० मीटरच्या दोन खुणा आणि मोबाइलचा स्टॉपवॉच पुरतो, फक्त खुणा फुटपाथच्या बाजूने करा आणि सोबत कुणीतरी ट्रॅफिककडे बघणारा ठेवा. रात्रीचा वेग दिवसाच्या दीडपट आला तर तिथे दिवसा गर्दीच रस्ता सांभाळतेय असं समजा आणि तिथूनच डिझाइन बदलायला सुरुवात करा.